गॅस लागणार नाही

बाहेर ऊन रणरणत होतं आणि पंखा तेच ऊन घरभर वाटत होता. अशा दुपारी मी जाहीर केलं, "रविवारी गोड मी करणार."

बायकोने वर न बघता विचारलं, "गॅस लागणार आहे का?"

"अजिबात नाही."

"मग कर."

माझी पाककला या घरात गॅसच्या अलीकडेच थांबते. त्यामागे एका जुन्या पातेल्याचं प्रकरण आहे, ते इथे नको.

पदार्थाचं नाव आइसबॉक्स केक. केक म्हणायचं, पण भाजायचं काहीच नाही. बिस्किटांचा थर, त्यावर फेटलेलं क्रीम, परत बिस्किटं, परत क्रीम, आणि मग सगळं गारठ्यात टाकून आपण मोकळे. १९३० च्या दशकात अमेरिकेत याची फार चलती होती. आइसबॉक्स म्हणजे तेव्हाचा बिनविजेचा फ्रिज. लाकडी कपाट, आतून पत्रा, वरच्या खणात बर्फाची लादी. गार हवा खाली उतरते, म्हणून बर्फ वर. वितळलेलं पाणी खालच्या ताटलीत साठायचं. ती ओतायला विसरलं की स्वयंपाकघरात तळं. एवढे उपद्व्याप सांभाळून लोक केक करायचे. माझ्याकडे तर उणे १८ अंशांचा फ्रीझर आहे. त्यात असं काय अवघड असणार? (हा प्रश्न मी आयुष्यात जेव्हा जेव्हा विचारलाय, तेव्हा तेव्हा शेवटी कोणालातरी मदतीला बोलवावं लागलंय.)

आइसबॉक्समध्ये तो केक नुसता गार व्हायचा. मला गोठवायचा होता, म्हणून क्रीममध्ये कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा. त्यातल्या साखरेमुळे क्रीमचा दगड होत नाही. फक्त डबा उघडायला हवा. मी कडी ओढली. कडी हातात आली, झाकण जागेवर राहिलं. पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० चं, आणि डबा उघडायच्या ओपनरचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १८५८ चं. मधली अठ्ठेचाळीस वर्षं लोकांनी छिन्नी-हातोड्यावर काढली. आमचा ओपनर कुठे आहे हे कोणालाच माहीत नसल्याने मीही त्याच काळात जाऊन आलो. डबा उघडला. ओट्यावर, भिंतीवर आणि माझ्या चष्म्यावर मिळून दोन चमचे गेले असतील, फार नाही.

आता क्रीम. क्रीम गार हवं, भांडं गार हवं, फेटणीची पातीसुद्धा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलेली हवीत. मी म्हटलं, इतके लाड कोण करतं? पण त्याला कारण आहे. क्रीममधल्या स्निग्धाचे बारीक कण गार असले तरच ते हवेच्या बुडबुड्यांना धरून बसतात. गरम झाले की हात सोडतात. आमच्या स्वयंपाकघरात त्या वेळी कोणीच कोणाला धरून बसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

पाच मिनिटं फेटलं, पातळ. सात मिनिटं, पातळच. मग एकदम दाट झालं, पातीच्या मागे रेघा उमटायला लागल्या, टोकावर छान शेंडी उभी राहिली. इथे थांबायचं असतं. पण यश मिळालेला माणूस थांबत नाही. मी म्हटलं, आणखी अर्धा मिनिट. क्रीम आधी दाणेदार झालं, मग पिवळसर, मग फेटणीला गोळा चिकटला आणि भांड्याच्या तळाशी पाणी सुटलं.

आई डोकावली. "लोणी छान आलंय रे."

"लोणी नाहीये ते, आई."

तिने बोटावर घेऊन चाखलं. "लोणीच आहे."

तेल गेलं, तूप गेलं अशी म्हण आहे. इथे क्रीम जाऊन लोणी आलं होतं, तरी हाती धुपाटणंच. दुसरा डबा आणला. या वेळी भांडं गार केलं, आणि शेंडी उभी राहताच लेकीने सरळ प्लग काढला. मला न विचारता.

थर लावणं हा मात्र सुखाचा भाग. चौकोनी भांड्यात बिस्किटं मांडताना कडेला अर्ध्या बिस्किटाची फट राहतेच. म्हणून बिस्किट मोडायचं. ते कधीच अर्धं मोडत नाही, त्याचे तीन तुकडे होतात. त्यातला तिसरा कुठे जातो हे सांगायची गरज नाही. रात्रभरात बिस्किटं क्रीममधला ओलावा पितात आणि केकसारखी मऊ होतात. त्यासाठी आठ तास फ्रीझर उघडायचा नाही.

आमचा फ्रीझर रात्रभरात निदान सहा वेळा उघडला गेला. प्रत्येकाला 'बर्फ' हवा होता. सकाळी एका कोपऱ्यात चमच्याच्या आकाराचा खड्डा होता. घरात कोणालाही त्याबद्दल काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

भांड्याला आतून कागद लावायचा असतो, हे मला केक बाहेर काढताना कळलं. पालथं घातलं, थोपटलं, विनवण्या केल्या. हलेना. शेवटी लेकीने हेअर ड्रायर आणला आणि मी भांड्याच्या पाठीवर गरम हवा सोडत बसलो. डावी बाजू सुटली, उजवी ठाम. मी उजवीकडे वळलो तोवर डावीकडून ओघळ सुरू. मग एकदाचा धप्प आवाज आला आणि ताटात काहीतरी बसलं. उभं म्हणता येणार नाही. थर मात्र दिसत होते, तिरके, दरड कोसळल्यावर डोंगरात दिसतात तसे.

सुरी कोणी मागितली नाही. चौघांनी चार चमचे घेतले आणि दहा मिनिटं कोणी बोललं नाही. आईने शेवटचा ओघळ ताट तिरकं करून मिळवला.

मग बायकोने बेसिनकडे बोट दाखवलं. दोन वाडगे, फेटणी, सुऱ्या, भांडं, आणि या सगळ्यावर बसलेला माझ्या लोण्याचा ओशट थर. मी साबण लावला, घासलं, पुन्हा घासलं. थर नुसता इकडचा तिकडे सरकत होता.

"गार पाण्याने जन्मात निघायचं नाही ते," ती म्हणाली आणि पाण्याचं पातेलं ठेवून तिने गॅस पेटवला.