नोटेवरचा चष्मा आणि बाकीचे तीन हजार

पाकिटात पाचशेची नोट असेल तर जरा बाहेर काढा. पुढच्या बाजूला रुपयाचं चिन्ह आहे. नोट उलटी केली की गांधीजींचा चष्मा दिसेल, स्वच्छ भारतचा. तो चष्मा केला आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी, २०१४ साली. रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांचं. ते तेव्हा पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, पीएच.डी. करत होते, आणि २०१० च्या जुलैत मंत्रिमंडळाने त्यांचं चिन्ह स्वीकारलं. मला दोन्ही कामं मनापासून आवडतात. एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’ आणि नाकावरच्या दांडीत तिरंगा, इतकं सोपं सुचायला फार तयारी लागते. देवनागरी ‘र’ आणि दांडी नसलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात बसवणं आणि वर शिरोरेषा ठेवणं, हे तर मी नव्या मुलांना आजही फळ्यावर काढून दाखवते.

दोन्ही चिन्हं खुल्या स्पर्धेतून आली. रुपयाला बक्षीस होतं अडीच लाख, चष्म्याला ५० हजार.

मी ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायात बावीस वर्षं आहे. हल्ली मला जिंकणाऱ्यांपेक्षा बाकीच्यांचा विचार जास्त येतो. रुपयाच्या चिन्हासाठी तीन हजारांवर प्रवेशिका आल्या होत्या. प्रत्येकाने फक्त एक दिवस, आठ तास काम केलं असं धरू. तीन हजार गुणिले आठ म्हणजे चोवीस हजार तास. एक माणूस रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस राबला तर ही दहा वर्षं होतात. एका चिन्हासाठी एका माणसाची दहा वर्षं, आणि त्यातल्या मोजक्या दिवसांचेच पैसे मिळाले. घर बांधायचं म्हणून आपण तीन हजार गवंड्यांना एकेक भिंत बांधायला लावून त्यातली एक ठेवतो का? मग आमच्याच कामात हे चालतं, याचं एक कारण असं की ‘थांबा’ म्हणणारी आमची संघटना नाही. आज त्याबद्दलच लिहायचंय.

स्वतःचा अनुभव आधी सांगते. वीस वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचं बोधचिन्ह करायचं होतं. “ताई, तीन-चार ऑप्शन टाका, संचालक मंडळाला दाखवतो, मग पैशाचं बोलू.” मी नवीन होते. अकरा दिवस बसून चार ऑप्शन केले आणि सीडीमध्ये ओपन फाइल, म्हणजे कुणालाही बदलता येईल अशी मूळ फाइल, घालून दिले, कारण त्यांनी ओपन फाइलच मागितली होती. मग सगळं शांत. सहा महिन्यांनी सांगलीत बसमधून उतरले तर समोरच्या फ्लेक्सवर माझा दुसरा ऑप्शन. रंग बदललेला, एक पान कमी केलेलं, बाकी सगळं तेच. भेटायला गेले तर उत्तर मिळालं, “तुमचं सिलेक्ट झालं नव्हतं, हे आमच्या मुलांनी केलंय.” ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मला एकच प्रश्न पडला होता: आता फोन कुणाला करायचा? आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडलाही संघटना आहे. माझ्याकडे एक नंबर नव्हता.

मग मी जगभर लोकांनी काय केलंय ते वाचायला लागले. ते वेड अजून गेलेलं नाही.

अमेरिकेत एआयजीए ही ग्राफिक डिझायनरांची संस्था १९१४ पासून आहे. तिचं एक काम तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, नाव माहीत नसेल इतकंच. विमानतळावर, रेल्वे स्थानकात, मॉलमध्ये स्त्री-पुरुषांच्या ज्या साध्या काळ्या आकृत्या असतात, सामानाची पेटी, टेलिफोन, वर-खाली बाण दाखवणारी लिफ्ट, त्यांच्यातल्या कितीतरींचं मूळ तिथे आहे. तिथल्या परिवहन खात्याने एआयजीएला सोबत घेतलं. संस्थेने थॉमस गाइस्मार यांच्या नेतृत्वाखाली पाच जाणत्या डिझायनरांची समिती बसवली. निरनिराळ्या विमानतळांवर, स्थानकांवर आणि ऑलिंपिकमध्ये तोवर वापरलेली चिन्हं समितीने समोर मांडून तपासली, कुठलं कळतं आणि कुठलं कळत नाही ते पाहिलं. मग रॉजर कुक आणि डॉन शॅनोस्की यांच्या स्टुडिओने चिन्हं रेखाटली. १९७४ मध्ये ३४ आणि १९७९ मध्ये आणखी १६, एकूण ५०. ही चिन्हं कुणीही, कुठेही, फुकट वापरू शकतो.

‘फुकट’ या शब्दावर मी इथे मुद्दाम थांबतेय. चिन्हं लोकांसाठी फुकट आहेत, पण ती करण्याचं काम रीतसर नेमून दिलेलं होतं. कुणी शंभर स्टुडिओंना “काढून आणा, आवडलं तर बघू” म्हटलं नव्हतं. समाजाला काही मोफत द्यायचं असेल तरी करणाऱ्याचा मान राखून देता येतं, हे मला त्या पन्नास चिन्हांमध्ये दिसतं.

जपानमध्येही हाच फरक दिसतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं बोधचिन्ह, तो मोठा लाल सूर्य आणि खाली सोनेरी वर्तुळं, युसाकू कामेकुरा यांचं. मोजक्या नावाजलेल्या डिझायनरांना बोलावून त्यातून ते निवडलं होतं. पुढे १९७८ मध्ये जपानी ग्राफिक डिझायनरांची जाग्डा ही संस्था उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच कामेकुरा. आणि २०२० च्या टोकियो ऑलिंपिकला काय झालं? पहिलं बोधचिन्ह नकलेच्या आरोपांवरून २०१५ मध्ये मागे घ्यावं लागलं आणि आयोजकांनी सर्वांसाठी स्पर्धा उघडली. १४,५९९ प्रवेशिका आल्या. अमेरिकेतून एआयजीएने आयोजकांना पत्र लिहून अशा स्पर्धेवर हरकत घेतली. दुसऱ्या देशातल्या, ओळख ना पाळख अशा डिझायनरांच्या वेळेसाठी! ते पत्र वाचलं त्या दिवशी मला सांगलीचा तो फ्लेक्स आठवला होता.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कॅनडाने. १९६७ साली त्या देशाच्या शताब्दीला स्टुअर्ट ॲश यांनी अकरा त्रिकोणांतून मेपलचं पान केलं होतं, अजूनही डोळ्यांत भरतं. पन्नास वर्षांनी, दीडशेव्या वर्धापनाच्या बोधचिन्हासाठी तिथल्या सरकारने विद्यार्थ्यांची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस पाच हजार डॉलर. विद्यार्थ्यांना संधी, असं ऐकायला छानच वाटतं. पण आरजीडी आणि जीडीसी या तिथल्या ग्राफिक डिझायनरांच्या दोन संघटनांनी उघड विरोध केला. आरजीडीने ‘माझ्या वेळेला किंमत आहे’ अशी मोहीमच चालवली. त्यांचा मुद्दा असा की देशाचं सरकार उद्याच्या डिझायनरांना शिकता शिकताच फुकट काम करायची सवय लावतंय.

आणि तरीही स्पर्धा झाली. २०१५ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीचं चिन्ह निवडलं गेलं, पत्त्यांतल्या चौकटसारख्या तेरा आकारांचं मेपलचं पान. संघटना हरल्या. मला मात्र ती हार मोलाची वाटते. त्यामुळे ‘लोगो स्पर्धेत वाईट काय?’ हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांत चर्चेला आला. आपल्याकडे अडीच लाखांच्या बक्षिसाची बातमी झाली, तीन हजार जणांच्या श्रमांची झाली नाही.

या आरजीडीमागे एक कायदा आहे. ऑन्टॅरिओ प्रांताने १९९६ मध्ये खास कायदा करून ‘नोंदणीकृत ग्राफिक डिझायनर’ ही उपाधी या संस्थेच्या हाती दिली. परीक्षा आणि कामाची तपासणी पार केल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हा शब्द असाच राखलेला आहे.

हे आपल्याकडे ग्राफिक डिझाइनला आणावं का? बरेच मित्र हो म्हणतात. मी नाही म्हणते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी करणारे कितीतरी लोक पदवीशिवाय उत्तम मजकूर लावतात. गावोगावच्या पेंटरांनी दुकानांच्या पाट्यांवर जी अक्षरं काढली, ती कुठल्या परीक्षेतून आली नव्हती. दारात परीक्षा ठेवली की पहिले बाहेर राहतील ते हेच, आणि फसवणूक सगळ्यात जास्त त्यांचीच होते. मला संघटना हवी आहे ती त्यांना आत घेणारी.

मुंबईत परंपरा नाही असं अजिबात नाही. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड १९४८ मध्ये सुरू झालं, पुढे तेच कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड झालं. त्याच्याही आधी, १९३५ मध्ये, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला होता. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे चांगला मुरलेला आहे. गिल्डचे पुरस्कार ज्यांना मिळाले त्यांना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मला त्याच्या जोडीला तालुक्याच्या गावातल्या मुलीने कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता लावावा असा एक फोन नंबर हवा आहे.

“संघटना झाली की दर ठरवून टाका,” असंही लोक म्हणतात. ते तितकं सोपं नाही. अमेरिकेत इंजिनिअरांच्या संघटनेने सभासदांना दरांची चढाओढ करायला बंदी केली होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बेकायदा ठरवली. आपला २००२ चा स्पर्धा कायदाही संगनमताने दर बांधू देत नाही. अमेरिकेतल्या ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्डची वाट वेगळी आहे. १९७३ पासून ते एक हँडबुक काढतात: बाजारात कुठल्या कामाला काय मिळतं, करारात काय असावं. हुकूम नाही, माहिती. मिरजेत लग्नपत्रिकेला काय घेतात, पुण्यात पॅकेजिंगला काय, हे एकमेकांना सांगायला आपल्याला तरी कोण अडवतंय? आपण लाजतो, दुसरं काही नाही.

आणि जे कायदे आपल्या बाजूने आहेत ते तरी माहीत हवेत. मला ते पतसंस्थेच्या वेळी माहीत नव्हते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो, नुसत्या ‘ओपन फाइल दिली’ने तो जात नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. दुसरा कायदा लघुउद्योगांचा, २००६ चा. उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट होते. मग पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे मी तीन वेळा वापरलंय. दोनदा नुसतं पत्र पाठवल्यावर पैसे आले.

परदेशातल्या संघटनांचे कराराचे नमुने मी वाचलेत. चांगले आहेत, पण इंग्रजीतली आठ-आठ पानं मिरजेच्या मसालेवाल्यापुढे ठेवली तर तो म्हणतो, “ताई, आपल्यात एवढं कशाला?” म्हणून गेल्या दिवाळीत मी एक पान मराठीत लिहिलं. काम काय, ऑप्शन किती, करेक्शन किती, अ‍ॅडव्हान्स किती, काम आवडलं नाही तर किती द्यायचे, ओपन फाइल कधी मिळणार, हक्क कुणाकडे. वर ‘कामाचं पत्र’ एवढंच लिहिलंय, ‘करार’ हा शब्द टाळलाय. पहिल्यांदा ते त्या मसालेवाल्यालाच दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, म्हणाला, “आमचा ट्रान्सपोर्टवाला पण असंच लिहून घेतो,” आणि सही केली.

आतापर्यंत अकरा जणांनी त्यावर सही केलीय, दोघांनी नाही म्हटलं. ज्यांना हवं असेल त्यांनी मेसेज करा, फाइल पाठवते. युनिकोडमध्ये आहे, हवं तसं बदला. वकिलांकडून तपासून घेतलंय. रकमेच्या जागा कोऱ्या आहेत, त्या तुम्ही भरा, आणि काय भरलंत ते मलाही कळवा. मी गाववार यादी करतेय.