१०१ सेंटिमीटर

आमच्या चिरंजीवांचे वय चार वर्षे तीन महिने असून उंची १०१ सेंटिमीटर आहे. यांपैकी पहिला आकडा आमच्या घरात कोणालाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. दुसरा मात्र गेल्या गणपतीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हता आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नव्हते. अडवले ते मुंबईहून आलेल्या भाच्याने. आरती आणि मोदक यांच्या मधल्या वेळात त्याने खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाची हकिकत आमच्या मुलाला हातवाऱ्यांसह सांगितली. विसर्जन आटोपून मुंबईकर गाडीला लागले, तेव्हा पाहुण्यांपैकी एक हट्ट तेवढा आमच्याकडे मुक्कामाला राहिला होता.

मुलाला नाही म्हणणे मला जड गेले, कारण या बाबतीत माझे स्वतःचेही जुने येणे आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, तेव्हा मी नेमका मुलाच्याच वयाचा होतो. ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे आमच्या वडिलांनी तेव्हा सांगितले आणि २०२२ साली ते बंद झाले तरी ते पुढचे वर्ष काही गुहागरला पोचले नाही. वडिलांच्या मते असली उद्याने म्हणजे चारी बाजूंनी कुंपण घातलेली आणि आत शिरायलाच पैसे घेणारी जत्रा. या व्याख्येत मला अजूनही चूक काढता आलेली नाही.

पहिला प्रश्न तारखेचा होता. ज्यांना महिन्याकाठी पगार मिळतो त्यांना सुट्टी घ्यावी लागते; ज्यांच्याकडे हापूसची कलमे आहेत त्यांना सुट्टी सापडावी लागते. ऑक्टोबरात भातकापणी. नोव्हेंबरात थंडी पडली की मोहोराची वाट पाहायची, मोहोर आला की फवारण्या सुरू करायच्या, आणि मध्येच आभाळ भरून आले की तुडतुडे वाढतील म्हणून जादा फवारणी काढायची. फाल्गुनात शिमगा; पालखी दारात यायच्या दिवशी घराला कुलूप असणे हे आमच्याकडे अजून कोणी केलेले नाही. मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत आंबा, जूनपासून पाऊस, आणि भाद्रपदात तर सारी मुंबईच आमच्याकडे. मुलाच्या बालवाडीला सुट्टी नेमकी मे महिन्यात, म्हणजे मला झोपेलाही सुट्टी नसते तेव्हा. शनिवार-रविवारी गर्दीत अर्धा दिवस रांगेत जातो असे भाच्याचे म्हणणे पडल्यामुळे ते दोन वारही गेले. अखेर जानेवारीच्या मध्यावर, संक्रांत झाल्यावर, दोन फवारण्यांच्या फटीत एक मंगळवार सापडला. मंगळवार ही केवळ आमचीच सोय नव्हती, हे पुढे कळायचे होते.

तारीख ठरली आणि उंचीने डोके वर काढले. अशा ठिकाणी तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, आणि आत गेल्यावर कोणत्या पाळण्यात बसायचे हेही उंचीच ठरवते. मोठ्या रोलर कोस्टरला कुठे १२०, तर कुठे १४० सेंटिमीटरची अट असते. मी लगेच मुलाला माजघराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने रेघ मारली आणि सुताराच्या टेपने मापले, तेव्हा १०१ भरले. या वयात मुले वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढतात, तेव्हा १४० गाठायला साडेसहा वर्षे लागतील असा हिशेब मी मांडला. वडील सुपारी कातरत म्हणाले, “तेवढ्यात नवं लावलेलं कलमसुद्धा धरायला लागतं.”

त्या दिवसापासून चौकटीवर रोज रेघ उमटू लागली. सकाळी मारलेली रेघ आणि संध्याकाळी मारलेली रेघ यांत थोडे अंतर पडते हे आमच्या सौभाग्यवतींनी दाखवून दिले, तेव्हा टेप ढिला असेल असे मी म्हणालो. पण चौकशी केल्यावर समजले की टेप निर्दोष आहे. दिवसभर उभे राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आणि माणूस रात्री झोपताना सकाळपेक्षा सुमारे एका सेंटिमीटरने बुटका झालेला असतो. हे वैज्ञानिक सत्य घरात सांगण्याची चूक मी केली. “म्हणजे फाटकापर्यंत आडवा न्यायचा,” असा निर्णय वडिलांनी तिथल्या तिथे दिला, आणि मागच्या सीटवर गादी बसते का हे पाहायला ते उठलेसुद्धा.

वडिलांनी एवढ्यावर न थांबता मुलाची तालीम सुरू केली. अडचण अशी होती की तिकिटाच्या खिडकीशी मूल शक्य तितके लहान असलेले बरे आणि पाळण्यापाशी शक्य तितके मोठे. तेव्हा ‘तिकीट!’ असा पुकारा झाला की मुलाने गुडघ्यांत वाकायचे आणि वय विचारल्यास तीन सांगायचे, ‘पाळणा!’ म्हटले की चवड्यांवर उभे राहून मान ताणायची आणि पाच सांगायचे. आपण जे काय लागेल ते तिकीट काढणार आहोत, हे मी वारंवार सांगितले. परंतु आजोबा आणि नातू यांच्यातल्या कारभारात मधल्या पिढीला मत नसते. आठ दिवसांत मुलगा इतका तयार झाला की जेवतानाही ‘तिकीट’ म्हटले तर पाटाखाली जाऊ लागला.

मार्गाचा विषय आईने हाती घेतला. इमॅजिका खोपोली–पाली रस्त्यावर आहे, आणि महामार्गावरून वाकणला वळले की वाटेत पालीचा बल्लाळेश्वर लागतो, एवढे तिला पुरेसे होते. पुढे खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहेच. म्हणजे अष्टविनायकांपैकी दोन एका फेरीत होतात, आणि मंगळवार तर गणपतीचाच वार. मला त्याच क्षणी उमगले की सहलीचे यजमानपद मुलाकडून निसटले आहे. आईने मग दोघांचे दर्शन घेऊन बाकीच्यांना ठेवणे बरे दिसणार नाही असे सुचवले. बाकीच्यांपैकी पाच पुणे जिल्ह्यात आणि सिद्धटेक त्याही पलीकडे नगरकडे, हे मी नकाशावर दाखवल्यावर ती ‘बघू’ म्हणाली. आमच्या घरात ‘बघू’ हा होकाराचा सभ्य प्रकार आहे.

एवढ्यात महाडच्या आतेबहिणीचा फोन आला की सहा माणसांचा स्वयंपाक करून ठेवते. झाले होते ते असे की आईने फोनवर कोणाला तरी ‘मंगळवारी आम्ही महडला’ असे सांगितले होते, आणि ते नातलगांत फिरता फिरता त्यात एक काना वाढला. महड आणि महाड यांत तो एक काना आणि दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. दुर्दैव असे की महाड आमच्या वाटेवरच पडते, त्यामुळे बहिणीला चूक समजावून सांगूनही जेवण टळले नाही. मुलाला आडवा ठेवायचा तो महाडला उठवून जेवायला घालायचा आणि पुन्हा आडवा करायचा, अशी दुरुस्ती वडिलांनी योजनेत केली. महाडच्या अलीकडे कशेडीला आता बोगदा झाल्यामुळे निघताना खाल्लेले तरी पोटात राहील, अशी आशा मी बाळगून आहे. पूर्वीच्या घाटात ती बाळगता आली नसती.

सौभाग्यवतींची काळजी निराळी होती. तिथे मोठमोठे मुखवटे चढवलेली पात्रे मुलांशी हस्तांदोलन करत हिंडतात, असे तिने ऐकले होते. आता गेल्या शिमग्यात काळा अंगरखा, उंच शंकूसारखी टोपी आणि पांढरी दाढी लावलेला संकासुर कमरेचे घुंगूर वाजवत अंगणात आला, तेव्हा आमचे शूर चिरंजीव पडवीतल्या रिकाम्या कणगीत जाऊन बसले होते आणि पालखी दोन वाड्या पुढे जाईपर्यंत बाहेर आले नव्हते. खोपोलीला कणगी कुठून आणायची? तिने सराव म्हणून उशीचा अभ्रा डोक्यावर घालून मुलाला घाबरवून पाहिले. तो हसला, शेजारच्या काकू मात्र घाबरल्या.

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही हे कळल्यावर आईने केलेला चिवडा, वड्या आणि खोबऱ्याचे लाडू यांची रवानगी महाडकडे झाली आहे.

शेवटी बुटांचा मुद्दा उरला. जाड तळाचे बूट घेतल्यास दोन सेंटिमीटर पदरात पडतील असे ठरले, आणि गाडी लांबच्या प्रवासाआधी दुरुस्तीला टाकलेली असल्यामुळे आम्ही चौघे एसटीने चिपळूणला निघालो. वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना प्रवास मोफत, सौभाग्यवतींना महिला म्हणून निम्मे भाडे, पाच वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही. पूर्ण पैसे भरणारा घरात मी एकटा. शृंगारतळी सोडल्यावर वाहक आमच्यापाशी आला आणि नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाला, “तिकीट!”

मुलगा क्षणात सीटखाली गेला.

वाहक वाकून पाहू लागला. “याचं वय काय?”

“चार,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“मग लपवलाय कशाला?”

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर देणे शक्य नव्हते. मी उंची, मणके आणि खोपोली यांपैकी कुठून सुरुवात करावी याचा विचार करत असतानाच वडिलांनी गडबडून नातवाला हाक मारली, “अरे, ऊठ ऊठ! पाळणा, पाळणा!” मुलगा चवड्यांवर उभा राहिला, त्याने मान ताणली आणि वाहकाच्या डोळ्यांत डोळे घालून खणखणीत आवाजात सांगितले, “पाच!”

वाहकाने माझ्याकडे एकदा पाहिले, काही न बोलता बटणे दाबली, आणि यंत्रातून एक शून्य रुपयांचे, एक पूर्ण आणि दोन अर्धी अशी तिकिटे काढून माझ्या हातावर ठेवली.