मालकाचे उत्तर: ‘कॅम्परची गळती काढायला अकरा दिवस, आणि तरी गळतेच’

नमस्कार सर,

आमच्या वर्कशॉपमधून छताची गळती काढून नेलेल्या तुमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीत, ताम्हिणी घाटात रात्री पलंगावर पाणी टपकलं, मुलांना उठवून पुढच्या सीटवर झोपवावं लागलं, हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. वहिनींनाही सांगा.

गळतीबद्दल तुम्ही लिहिलंत, एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण ‘तीन दिवसांच्या कामाला अकरा दिवस लावले, रोज नवीन कारण’ हे जे लिहिलंय त्याला उत्तर द्यावंच लागेल, कारण इथे चार पोरं त्या अकरा दिवसांत तुमच्याच गाडीला चिकटून होती.

तीन दिवस हा अंदाज फोटोवरून होता. फोटोत छतावरच्या पंख्याभोवतीची एक भेग दिसत होती, बाकी काही नाही. गाडी आल्यावर पंखा उतरवला तर खाली आधीच्या कारागिराने सिलिकॉनवर सिलिकॉन, त्यावर परत सिलिकॉन चढवलेलं. जुन्या सिलिकॉनवर काहीच धरत नाही सर, नवं सिलिकॉनसुद्धा. ते सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावं लागतं, लोखंडी पातं लावलं तर फायबरच्या छतावर ओरखडे येतात. यातच पहिले दोन दिवस गेले.

मग छताच्या आतला प्लाय. पंख्यासाठी कापलेल्या चौदा इंची चौकोनाच्या कडेला मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) लावला तर २८ टक्के. पंधराच्या आत असेल तर निवांत, विसाच्या वर गेलं की काम काढायचं. पुण्यात जुलैमध्ये आमच्या गोदामातला कोरा प्लायही सोळा-सतरा दाखवतो. त्यामुळे हॅलोजन, पंखे, हवेतला ओलावा ओढणारं डीह्युमिडिफायर लावून दिवसरात्र वाळवत बसलो. जिथे थर सुटले होते तिथला तुकडा कापून नवा बसवला. मीटरचा व्हिडिओ त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, निळ्या खुणाही आल्या होत्या. ओल्या प्लायवर सीलंट मारून गाडी तिसऱ्या दिवशी देता आली असती. ओल्या भिंतीला रंग लावल्यासारखं झालं असतं ते. पाणी आत कोंडलं असतं, दिवाळीपर्यंत प्लाय काळा पडून कुबट वास सुटला असता आणि स्क्रूने पकड सोडली असती.

त्यानंतर पंख्याच्या फ्लँजखाली, म्हणजे कडेच्या पट्टीखाली, ब्यूटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून फट बुजवणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. पीयू हवेतला ओलावा घेऊनच पक्कं होतं, तेही वरून आत, दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर. म्हणजे पावसाळी हवा पीयूला मानवते आणि प्लायला मारते. दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे काय, ते हे काम केलेल्यालाच विचारा. ‘टेप आणि गोंदाचे अठरा हजार’ असं लिहिलंत. बिल परत एकदा बघा, त्यात प्लाय आणि मजुरी वेगळी लिहिली आहे. हॅलोजनच्या विजेचा रुपया लावलेला नाही.

शेवटी गाडी बंद करून आत ब्लोअरने हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी मारलं, जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. पंख्याशी एक बुडबुडा नाही. मागच्या शिडीच्या वरच्या दोन बोल्टपाशी मात्र आले. ते मी फोनवर सांगितलं. तुमचं बुकिंग होतं, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालात. बिलाच्या खाली तशी ओळ आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. रिव्ह्यूमधल्या फोटोत पाणी पलंगाच्या पायथ्याशी आहे, म्हणजे शिडीच्या बाजूला. तरी उघडून बघितल्याशिवाय ‘तिथूनच’ असं छातीठोक सांगणार नाही. पाणी एकीकडून शिरतं आणि फ्रेमच्या पाइपावरून वाहत चार-पाच फूट लांब टपकतं. त्यात ताम्हिणीचा पाऊस, २५ जुलै २०२४ ला तिथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता. आणि सहलीआधी गाडी धुताना छतावर प्रेशर वॉशर मारला असेल तर तेही सांगा. पावसाचं पाणी जिथे शिरत नाही तिथे त्याचं शिरतं.

आमचा धंदा मे ते सप्टेंबर. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तुमचा रिव्ह्यू मला फोनवर वाचून दाखवला आणि निम्म्या भावात काम मागितलं. मी काय बोलणार?

यापुढे दिवसांचा अंदाज गाडी उघडल्यावर लेखी द्यायचं ठरवतोय. शिडीच्या बोल्टची मजुरी घेणार नाही, फक्त सीलंटचे पैसे द्या. येण्याआधी फोन करा आणि छतावरच्या कॅरियरमधलं सामान उतरवून आणा. मागच्या वेळी ते उतरवायलाच आमची अर्धी सकाळ गेली होती.