सायबेरियाचं नव्हे, तुमच्याच डक्टमधलं घुबड

"उत्तरेत बर्फ पडल्यामुळे सायबेरियातली पांढरी हिमघुबडं मुंबईत उतरली आहेत. ती थकलेली असतात, दिवसा आंधळी असतात. गॅलरीत सापडल्यास घरात घ्या, दूध-पाव द्या, चोचीत पाणी सोडा, फोटो आणि पत्ता ग्रुपवर टाका." शिवाय गेटवेचे सायबेरियन क्रौंच, खाडीतले सायबेरियन फ्लेमिंगो आणि शेवटी हात जोडलेले. थंडी पडली की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आत्याकडून आला, वर प्रश्न: "दूध गाईचं द्यायचं की म्हशीचं?"

कुठलंच नाही, आत्या. पण आधी पक्षी कोणता ते बघू. मेसेजमधल्या फोटोत पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा चेहरा आहे आणि डोळे काळेभोर. हे गव्हाणी घुबड. हिमघुबडाचे डोळे पिवळेधमक, डोकं गोल, बोटांवरसुद्धा दाट पिसं आणि वजन दीड-दोन किलो. गव्हाणी जेमतेम अर्धा किलो भरतं. हिमघुबड आर्क्टिकच्या टुंड्रातलं. हिवाळ्यात ते दक्षिणेला सरकतं हे खरं, पण म्हणून कोणी मुंबई गाठत नाही. गव्हाणी बारा महिने इथलंच. बंद गिरण्या, गोदामं, इमारतींचे डक्ट, एसीमागची खाच, कुठेही राहतं. पोटाकडून पांढरं असल्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यात खालून पांढरंशुभ्र दिसतं. पाठ बघाल तर सोनेरी-राखाडी.

मग नेमकं थंडीतच का सापडतं? पाऊस संपला की सोसायट्यांची दुरुस्ती आणि रंगकाम निघतं. परांची चढते, छज्जे झोडपले जातात, डक्टला जाळी बसते आणि आतली पिल्लं बाहेर पडतात. विरळ लव, लांबुळकं तोंड, सापासारखा फूत्कार. 2017 साली विशाखापट्टणमच्या अशाच पिल्लांचा व्हिडिओ परग्रहवासी म्हणून देशभर फिरला होता. आपल्याकडे निदान सायबेरियावर भागलं.

डक्टच्या तळाशी अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या दिसतात का बघा. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं अशी ओकून टाकतं. गोळी काडीने उकला: केसांच्या गुंत्यात चिमुकली कवटी आणि नारिंगी दात निघतील. अशा प्राण्यासमोर तुम्ही दूध-पाव ठेवणार!

दूध पचवायची सोय पक्ष्यांच्या पोटात नसते. पण खरा घात पाण्याने होतो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं, त्यामुळे ड्रॉपरने सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. मग पक्षी मरतो आणि आपण म्हणतो, बिचारं थकलेलंच होतं. घुबडाला लागणारं बहुतेक पाणी भक्ष्यातूनच मिळतं.

करायचं ते एवढंच. पुठ्ठ्याचा खोका घ्या, पेन्सिल जाईल एवढी भोकं आधीच पाडा. पक्षी आत असताना नव्हे. तळाशी जुना टॉवेल अंथरा, वर्तमानपत्रावर पाय घसरतात. दुसरा जाड टॉवेल पाठीवरून टाकून पंख मिटवत उचला. चोचीपेक्षा नख्यांना सांभाळा. झाकण लावून अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. पिंजरा नको, गजांवर आपटून पिसं तुटतात. पोरांना दाखवायला दर दहा मिनिटांनी झाकण उघडायचं नाही. पिल्लू धडधाकट असेल आणि घरट्यापर्यंत हात पोचत असेल, तर परत तिथेच ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत.

दिवसा आंधळं? चांगलं दिसतं. भिंतीला चिकटून बसतं ते कावळ्यांच्या भीतीने.

फोटोसोबत पत्ता टाकण्याची कल्पना तर महाभयंकर आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या 2010 च्या अहवालात भारतातल्या सुमारे 30 जातींच्या घुबडांपैकी 15 जाती बेकायदा व्यापारात आढळल्याची नोंद आहे. काळी जादू आणि अंधश्रद्धा हे या व्यापाराचं मोठं कारण, आणि दिवाळीच्या सुमाराला मागणी वाढते. "दुर्मीळ पांढरं घुबड, बी विंग, पाचवा मजला" हे वाचून कोण येईल, याचा विचार करा. घुबड पकडणं, विकणं आणि पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, "दया म्हणून ठेवलं" म्हटलं तरीही.

बाकीचं भराभर. सायबेरियन क्रौंच माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, आणि भारतात तो शेवटचा दिसला 2001-02 च्या हिवाळ्यात, भरतपूरला. गेटवेला लाँचमागे उडतात ते कुरव, म्हणजे सीगल. त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडून येतात. त्यांचं अन्न मासे-कोळंबी. लोक टाकतात ते बेसन-मिठाचे गाठे नव्हेत, पुण्य हवं असलं तरी. खाडीतले फ्लेमिंगो मुख्यतः कच्छकडचे. सायबेरिया नाही, गुजरात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल. थंडीत उत्तरेकडून भारतात खरोखर येणारं एक घुबड आहे, आखूड कानांचं. पिवळे डोळे, भोवती काजळ फासल्यासारखी काळी पिसं, आणि पांढरं तर अजिबात नाही. ते दिवसा गवतात जमिनीवरच बसतं आणि ऊन उतरलं की माळावर जमिनीलगत उडत शिकार शोधतं. बघायचं असेल तर संध्याकाळी दुर्बीण घेऊन मोकळ्या गवताळ रानात जा. गॅलरीत ते येणार नाही.