अव्याचा नळ

"हल्ली वाईट सिनेमाला वाईट म्हणायचीही चोरी झालीये," असं म्हणतच अव्या कट्ट्यावर टेकला, तेव्हा कळलं की रविवारचं प्रकरण अजून निवलेलं नाही. दिगूच्या घरी जॅक स्मिथचा 'फ्लेमिंग क्रीचर्स' हा अमेरिकन सिनेमा लावला होता, त्यातून हा मधेच उठून गेला होता, आणि जाताना दार जरा जोरातच लागलं होतं.

"दार वाऱ्यानं लागलं," अव्या म्हणाला.

"वाऱ्यानंही फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केलेला दिसतोय," वसुधा म्हणाली.

अव्यानं चष्मा काढला. चष्मा काढला की पुढचं वाक्य 'मूलतः'नं सुरू होणार हे आता लहान पोरांनाही पाठ आहे. "मूलतः यांना सिनेमा करता येत नव्हता. पांढरा रंग जळलेला, माणसं कुठून येतात कुठे जातात पत्ता नाही, बाप्ये झगे घालून लोळतायत. हे सगळं न जमण्याला यांनी नाव दिलं कॅम्प, म्हणे भडक, नाटकी अतिरेकाची मौज. झालं! आता टीका केली की आपण मागासलेले."

"जॅक स्मिथ मुळात फोटोग्राफर होता," वसुधा शांतपणे म्हणाली. "उजेड म्हणजे काय ते त्याला तुझ्यामाझ्याहून जास्त कळत होतं. मुदत संपलेली कच्ची फिल्म हाती आली, ती त्यानं वापरली आणि तिच्यातून जे येतं तेच चित्र धरलं. १९६२ चा उन्हाळा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या एका जुन्या थिएटरचं छप्पर, आणि त्यावर उभा केलेला जनानखाना. खाली पैसे देऊन बघायचा सिनेमा आणि वर हा. चांगली फिल्म वापरली असती तर ते छप्पर छप्परच दिसलं असतं."

मी तिच्या बाजूनं होतो आणि आहे. 'फ्लेमिंग क्रीचर्स'मधला लिपस्टिकचा भाग मी रविवारी मागे घेऊन पुन्हा लावायला लावला होता. पार्श्वभूमीला जाहिरातीतला तो तुपाळ आवाज चालू आहे, नव्या लिपस्टिकचे गुण सांगतोय, आणि पडद्यावर एकेक पुरुषी चेहरा ओठांचा चंबू करून लिपस्टिक लावतोय. कुणी डोळा मारत नाही, कुणी 'बघा आम्ही गंमत करतोय' असं दाखवत नाही. शाळेतलं पोर चित्राच्या रेघेबाहेर रंग जाऊ नये म्हणून जीभ बाहेर काढून बसतं ना, तितक्या मन लावून. मग एक आवाज एक अत्यंत अश्लील शंका विचारतो, आणि जाहिरातीचा आवाज तितक्याच सौजन्यानं तिचं निरसन करतो. विडंबन याहून नेमकं मी पाहिलेलं नाही. जाहिरातीची भाषा तशीच ठेवलीय, फक्त गिऱ्हाईक बदललंय.

"पण मग खिल्ली कुणाची?" पक्यानं विचारलं. पक्या कधीकधी फार बरोबर प्रश्न विचारतो आणि मग लगेच वाया घालवतो. "बायकांची? पुरुषांची? का आपली, बघणाऱ्यांची?"

"मरिया माँटेझची तर नक्कीच नाही," वसुधा म्हणाली. "सिनेमाची सुरुवात आठव. नावं येतायत, संपतच नाहीत, आणि मागून संवाद येतो तो १९४४ च्या अलीबाबाच्या सिनेमातला. मरिया त्याची नटी. टेक्निकलरमधले युनिव्हर्सल स्टुडिओचे ते वाळवंटाचे, राजकन्यांचे सिनेमे. समीक्षक म्हणायचे हिला अभिनय येत नाही. स्मिथनं त्या बाईवर एक लांबलचक लेख लिहिला, आणि त्याचं म्हणणं असं की पुठ्ठ्याच्या राजवाड्यात उभं राहून तिनं जो विश्वास ठेवला, तो चांगल्या नट्यांनाही ठेवता येत नाही. खिल्ली उडवणारा माणूस कुणासाठी इतका झिजत नाही रे."

अव्याला नवं हत्यार मिळालं. "मग आपले बालगंधर्वही कॅम्पच म्हणायचे!"

"बिलकुल नाही. बालगंधर्वांची सगळी मेहनत तू विसरावंस म्हणून होती. समोर पुरुष आहे हे विसरलास की ते जिंकले. मारिओ माँटेझ तुला विसरूच देत नाही. टोप दिसतो, गळ्याची घाटी दिसते, आणि त्याचा रुबाबही दिसतो. तिन्ही एकदम बघायचं, हीच तर मजा आहे."

"हा मारिओ म्हणजे तो स्पॅनिश नाच करणारा?" पक्या.

"हो. पोर्तो रिकोत जन्मलेला. मरियाच्या नावावरूनच मारिओ. पण त्या सिनेमात त्याचं नाव लागलंय डोलोरेस फ्लोरेस."

"डोलोरेस फ्लोरेस," पक्यानं जिभेवर घोळवून पाहिलं. "वा!"

दिगू तोवर काहीच बोलला नव्हता. घर त्याचं, सिनेमे त्यानं जमवलेले, आणि आमच्यात हा विषय ज्याच्या अंगाला लागतो असाही तोच. त्यामुळे त्यानं तोंड उघडलं की आम्ही जरा गप्प होतो, आणि ते त्याला अजिबात आवडत नाही.

"वसू, तू सगळं प्रेमच प्रेम करून टाकतेस," तो म्हणाला. "१९६५ चा, चित्रकार अँडी वॉरहॉलचा 'स्क्रीन टेस्ट नंबर टू' बघ. तासाभर कॅमेरा मारिओच्या चेहऱ्यावर. बाहेरून पटकथाकार रोनाल्ड टॅव्हलचा आवाज, नटीची परीक्षा घेतल्यासारखा. घाणेरडा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो. मारिओ म्हणतो, आणि असा म्हणतो की शोकांतिकेतलं वाक्य वाटावं. मग तो आवाज त्याला कबूल करायला लावतो की तू बाई नाहीस, पुरुष आहेस. तिथे मारिओ अडखळतो. तिथे मला हसू येत नाही. तो माणूस दिवसा कारकुनी करायचा, कॅथलिक होता, हे सगळं पाप आहे की काय या भीतीत असायचा. तेही त्याच गावातले, त्याच वर्षांतले, आपलेच लोक. तरी कॅमेऱ्यामागे बसलेल्याला वाटलं तर तो चावतोच."

वसुधा थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण शेवटी लक्षात कोण राहतो? टॅव्हल की मारिओ?"

"मारिओच," दिगू म्हणाला. "पण त्याची किंमत मारिओनं भरली."

मला दिगूचं पटलं. वसुधालाही पटलं असावं, कारण तिनं विषय बदलला नाही, आणि हरली की ती हमखास बदलते.

अव्याला मात्र सगळे त्याच्यापासून लांब चाललेत असं वाटायला लागलं होतं. चष्मा पुन्हा निघाला. "मूलतः, तुम्ही यात राजकारण शोधताय. समीक्षक सुझन सोंटागनं १९६४ साली कॅम्पवर लिहून ठेवलंय. ५८ नोंदी आहेत. तिच्या मते कॅम्प ही अराजकीय वृत्ती आहे. मी नाही म्हणत, सोंटाग म्हणते."

"त्याच १९६४ मध्ये," वसुधानं मांडी बदलली, आणि पक्यानं मला कोपर मारलं, "मार्च महिन्यात न्यूयॉर्क पोलिसांनी ह्याच सिनेमाची फिल्म जप्त केली. तो दाखवणाऱ्या योनास मेकास आणि बाकीच्यांना धरलं. तुझी सोंटाग कोर्टात सिनेमाच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहिली. तरी शिक्षा झाली, फक्त अंमल स्थगित ठेवला. आणि मग वर्ष संपता संपता बाईंनी लिहिलं, कॅम्प अराजकीय. अव्या, ज्या गोष्टीसाठी स्वतः कोर्टाची पायरी चढलो तिला अराजकीय म्हणायला मोठी विद्वत्ता लागते. पोलिसांकडे ती नव्हती. त्यांना पहिल्या फटक्यात कळलं."

"हाण!" पक्या ओरडला.

"थांब, पुढचं ऐक. हा खटला चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ मध्ये कोर्टानं तो निकाली काढला, आता त्यात ठरवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. एकटे न्यायमूर्ती एब फोर्टस म्हणाले, मी शिक्षा रद्द केली असती. पुढच्याच वर्षी फोर्टस यांचं नाव सरन्यायाधीशपदासाठी आलं. मग सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी काय करावं? हा सिनेमा मिळवला, संसदेच्या इमारतीत प्रोजेक्टर लावला, आणि सिनेटरांना, पत्रकारांना बोलावून दाखवला. बघा, हे तुमच्या सरन्यायाधीशांना चालतं!"

"म्हणजे सुटातले म्हातारे," पक्याला आता आवरेना, "अंधारात बसून... ते लिपस्टिकचं..."

"राष्ट्रहितासाठी," दिगू म्हणाला.

"पुन्हा मागे घेऊन बघितलं असेल की रे, नीट कळावं म्हणून!"

एकटा अव्या तेवढा हसला नाही. नेमणूक बारगळली हे सांगायला तो विसरला नाही, आणि ते खरंच होतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये फोर्टस यांचं नाव मागे घ्यावं लागलं. त्या सिनेमाएवढं त्याला दुसरंही पुष्कळ कारण होतं, पण सिनेमा कामाला आला.

हसणं ओसरल्यावर दिगूनं जे सांगितलं त्यासाठी मी हे लिहायला बसलो. स्मिथला पुढे आयुष्यभर याच गोष्टीचा राग होता. पोलिसांचा होताच, पण सिनेमाची बाजू घेणाऱ्यांचाही होता, मेकासवर तर विशेष. त्याचं म्हणणं, मी विनोदी सिनेमा केला होता. सुरुवातीचे प्रेक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत खो खो हसत होते. मग खटला झाला, लेख झाले, आणि सिनेमागृहात स्मशानशांतता पसरली. लोक आता एक गाजलेलं अश्लील प्रकरण, नाहीतर कलेच्या स्वातंत्र्याचा पुरावा बघायला येऊ लागले. त्यानं त्यानंतर एकही सिनेमा पुरा करून हातातून सोडला नाही. प्रोजेक्टर चालू असताना शेजारी बसून रीळं कापायचा, जोडायचा. १९८९ मध्ये एड्सनं गेला.

त्या माणसाकडून सगळ्यात मोठी गोष्ट हिरावली गेली ती ही, असं मला फार वाटतं. फिल्म जप्त झाली तर तिची दुसरी प्रत निघते. गेलेलं हसू कुणाकडे मागायचं? आणि हे हसू साधं नव्हतंच. झगा घातलेल्यावर हसणारे बाहेर रस्त्यावर ढिगानं होते. आत, त्या अंधारात, झगा घातलेला आणि बघणारा एकाच गोष्टीवर हसत होते. कुठल्याही घोषणेपेक्षा ती गोष्ट मला मोठी वाटते.

"रविवारी कोण हसलं?" वसुधानं विचारलं.

कुणीच बोललं नाही. मग पक्या चाचरत म्हणाला, "मला वाटलं हसायचं नसतं. तुम्ही सगळे एवढे गंभीर बसलेले. मी उशी तोंडात धरली होती."

"बघ! अख्ख्या खोलीत एकाला सिनेमा कळला आणि तो उशी चावत बसला."

यानंतर गाडी घसरली. बाल्टिमोरचे दिग्दर्शक जॉन वॉटर्स आणि त्यांच्या सिनेमांत बाईच्या वेषात काम करणारा डिव्हाइन निघाले, 'पिंक फ्लेमिंगोज'साठी बापानं पोराला पैसे उसने दिले ते निघालं. मला वॉटर्सचा 'पॉलिएस्टर' जास्त आवडतो, १९८१ चा, आणि मी तसं म्हणालो. १९५० च्या दशकातल्या हॉलिवुडच्या अश्रूपटांची नक्कल, डिव्हाइन पिचलेली गृहिणी, आणि तिला भुलवणारा देखणा पुरुष म्हणून खुद्द टॅब हंटर. त्या दशकातला हा मुलींचा लाडका नायक. स्टुडिओ त्याला नटॅली वूडबरोबर फिरायला पाठवून फोटो काढून घ्यायचा, आणि आपण समलिंगी आहोत हे खरं त्यानं २००५ च्या आत्मचरित्रात सांगितलं. म्हणजे ज्या खोट्या प्रेमकथांची ही नक्कल, त्यांचा अस्सल नायक स्वतः नकलेत उभा, आणि गळ्यात गळा घालायला डिव्हाइन. स्टुडिओनं जुळवलेल्या जोडीपेक्षा ही जोडी मला जास्त खरी वाटते. अव्या यावर काही बोलला नाही, फक्त प्रेक्षकांना खरडून हुंगायला वासाची कार्डं वाटली होती याबद्दल नाक मुरडलं.

"१० वास होते कार्डावर," दिगू म्हणाला. "अव्याच्या सिनेमाला असतं तर एकच. ओल्या भिंतीचा."

इथे अव्याचा लघुपट निघणार हे ठरलेलंच होतं. तो न निघता कट्टा उठलाय असं होत नाही. कॉलेजातल्या त्या सिनेमात आम्ही सगळे राबलो, नायिका मधेच सोडून गेली, आणि उरलेल्या वेळात अव्यानं गळक्या नळाचा एकच शॉट घातला, जो संपता संपत नाही.

"तो नळ म्हणजे एकाकीपण होतं," अव्या म्हणाला.

"तो नळ म्हणजे मी होतो!" पक्या उसळला. "पाणी गेलं होतं त्या दिवशी. मी वर पोटमाळ्यावर पालथा पडून बादलीतून वाटीनं थेंब थेंब सोडत होतो. हात भरून आला माझा. आणि श्रेयनामावलीत नाव? नाही!"

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही तो नळ खरा समजत होतो. वसुधा आधी हसली नाही. तिनं अव्याकडे फार प्रेमानं पाहिलं.

"अव्या, तुझी सोंटाग काय म्हणते? अस्सल कॅम्प कुठला? जो मुद्दाम केलेला नसतो तो. जो अतिशय गंभीरपणे करायला जातो आणि फसतो तो. वॉटर्स नापास, त्यानं मुद्दाम केलं. तिच्या ५८ नोंदींच्या मापानं आपल्या अख्ख्या कट्ट्यात अस्सल कॅम्प एकच आहे. तुझा नळ."

दिगूला ठसका लागला. मी खाली उतरून उभा राहिलो, बसून हसता येईना. अव्यानं चष्मा काढला, 'मू' पर्यंत आला, आणि त्याला पोटमाळ्यावरचा पक्या दिसला असावा, कारण तो असा फुटला की डोळ्यांतून पाणी आलं.

"रविवारी नळ लावायचा," दिगू म्हणाला. "आणि सगळ्यांनी मोठ्यानं हसायचं. उशी कुणी धरायची नाही."

"लावा," अव्या डोळे पुसत म्हणाला. "पक्या, तुझं नावही घालतो. पाणी, प्रकाश, काय हवं ते."

"माझं नाव नको," पक्या म्हणाला. "डोलोरेस घाल."