पृथ्वी लांब गेली म्हणून थंडी पडत नाही

जुलै जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. उद्या पहाटे ५.२७ पासून 'अफेलियन', पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार, २२ ऑगस्टपर्यंत कधी नव्हे अशी थंडी पडणार, सर्दी-खोकला-अंगदुखी होणार, जपा. सोबत आकडे: नेहमीचं अंतर ५ प्रकाश-मिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर, आता १५ कोटी २० लाख, म्हणजे ६६ टक्के जास्त. मुलं हे ऐकतात आणि विचारतात, "मग आपण गारठणार का?" त्यांना "खोटं आहे ते" एवढंच सांगून गप्प बसवणं मला पटत नाही. त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते मेसेजपेक्षा कितीतरी रंजक आहे.

"पृथ्वी लांब जाणार." हे खरं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी अपसूर्य बिंदूवर, म्हणजे कक्षेतल्या सूर्यापासून सर्वांत लांबच्या जागी असते; 'अफेलियन' ते हेच. पण हे दरवर्षीच होतं, आणि तो एक क्षण असतो; दीड महिन्याचा मुक्काम नव्हे.

"नेहमीचं अंतर ९ कोटी." साफ चूक. सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे आणि प्रकाशाला ते कापायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. शुक्र सूर्यापासून सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे मेसेजवाल्यांची पृथ्वी शुक्राच्याही आत फिरते! सरासरी अंतर मैलांत ९ कोटी ३० लाख भरतं, तेव्हा मैल-किलोमीटरचा घोळ झाला असावा. शिवाय त्यांच्याच आकड्यांचा हिशेब केला तरी ६६ नाही, ६९ टक्के येतात. खरा फरक असा: जानेवारीत १४ कोटी ७१ लाख, जुलैत १५ कोटी २१ लाख. जेमतेम साडेतीन टक्के.

"लांब, म्हणून थंडी." मेसेज टिकतो तो या वाक्यावर, कारण ते ऐकताक्षणी पटतं. इथे मुलाला एकच विचारावं: जुलैत ऑस्ट्रेलियात हिवाळा आणि युरोपात उन्हाळा, मग यातलं सूर्यापासून लांब कोण? दोघेही एकाच पृथ्वीवर. अंतराने ऋतू ठरत असते तर सगळीकडे एकदमच थंडी पडली असती. उलट अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैतच जास्त असतं, कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते.

या गैरसमजाला आपली चित्रंही हातभार लावतात. पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ कंपासने काढा. त्या मापात खरी कक्षा वर्तुळापासून इतकी कमी ढळते की तो फरक पेन्सिलीच्या रेघेतच बुडून जातो. फक्त सूर्य मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला काढायचा.

खरं कारण पृथ्वीचा आस, म्हणजे ती ज्या कल्पित रेषेभोवती स्वतः फिरते ती रेषा, २३.४ अंशांनी कललेला आहे. ते टॉर्चने दाखवता येतं. अंधाऱ्या खोलीत आलेख कागदावर ३० सेंटिमीटरवरून सरळ उजेड पाडा आणि उजळलेले चौकोन मुलाला मोजू द्या. आता अंतर तेच ठेवून कागद कलता करा. डाग लांबट होतो, फिका पडतो. किरण कागदाशी ३० अंशांचा कोन करतात तेव्हा तेवढाच उजेड साधारण दुप्पट चौकोनांत वाटला जातो. मग कागद पुन्हा सरळ करून टॉर्च १ सेंटिमीटर मागे घ्या, ३० ला १ म्हणजे साधारण तेच साडेतीन टक्के. मेसेजमधलं 'फार लांब' ते एवढंच, आणि डागात फरक शोधावा लागतो. गोलार्ध सूर्याकडे कलला की किरण सरळ पडतात आणि दिवसही मोठा होतो. दुसरीकडे नेमकं उलट.

सर्दी-खोकल्याबद्दल फार लिहायला नको. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, पृथ्वी कक्षेत कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग लांब जाण्याने काहीच होत नाही का? होतं. सूर्याचा उजेड जानेवारीपेक्षा सुमारे साडेसहा टक्के कमी मिळतो. आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये मांडल्याप्रमाणे लांब असताना पृथ्वी हळू चालते: सेकंदाला २९.३ किलोमीटर, जानेवारीत ३०.३. त्यामुळे उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्याचं अर्धं वर्ष हिवाळ्याच्या अर्ध्यापेक्षा लांब असतं. मुलाच्या हाती कॅलेंडर द्या आणि २० मार्च ते २२ सप्टेंबर दिवस मोजायला सांगा. १८६ येतील. उरलेल्या अर्ध्याला १७९.