लूथर ट्रँट, लाय डिटेक्टर आणि ‘कधीही न चुकणारं’ यंत्र

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘१९०९ मध्ये लूथर ट्रँट या काल्पनिक गुप्तहेराने लाय डिटेक्टर शोधला. शास्त्रज्ञांनी ती कल्पना उचलली. अमेरिकी कोर्टाने १९२३ मध्ये तिला मान्यता दिली. हे यंत्र कधीच चुकत नाही, त्यामुळे चाचणीला नकार देणारा गुन्हेगारच असतो.’ फॉरेन्सिक सायन्स शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो खरा मानून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. म्हणून हे उत्तर.

सगळ्यात घातक भाग शेवटचा आहे, तोच आधी घेतो. हे यंत्र खोटं पकडत नाही. खोटेपणा मोजणारा कुठलाही भाग त्यात नाही. ट्रँटच्या कथांत येणारा प्लेथिस्मोग्राफच बघा. काचेच्या नळकांड्यात कोमट पाणी असतं, त्यात हात घालायचा आणि कोपराजवळ रबरी बाही घट्ट बसवायची. हातातलं रक्त वाढलं-घटलं की पाणी सरकतं. ती हालचाल बारीक नळीतून एका पातळ पडद्यापर्यंत जाते आणि पडद्याला जोडलेली सुई काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर रेघ काढते. बस्स. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, बाही झिरपली, बोट हललं किंवा पाणी गार झालं, तरी रेघ बदलते. आणि सगळं नीट जमलं तरी रेघ एवढंच सांगते की रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या. भीतीने, रागाने की अपमानाने, ते तिला कळत नाही.

आजचा लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ, याच जातीचा आहे. छाती-पोटाभोवती श्वासाच्या नळ्या, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम मोजणारे दोन इलेक्ट्रोड. गुन्ह्याच्या प्रश्नावरचा प्रतिसाद ‘तुम्ही कधी कुणाला फसवलंय का?’ अशा तुलनेच्या प्रश्नाशी ताडून पाहतात. गुन्ह्याच्या प्रश्नाला जास्त प्रतिसाद आला की माणूस संशयित ठरतो. आता चोरीचा आळ आलेला निरपराध माणूस नेमक्या त्याच प्रश्नाला घाबरेल, हे सांगायला मानसशास्त्र कशाला हवं? उलट, सराईत माणूस तुलनेच्या प्रश्नावेळी जीभ चावून किंवा मनात उलटे आकडे मोजून ही तुलनाच बिघडवू शकतो.

आकडेच हवेत, तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २००३चा अहवाल वाचा. यंत्राला झुकतं माप देऊन त्यांनी हिशेब मांडला: १०,००० कर्मचारी, त्यांत १० हेर. दहापैकी आठ हेर पकडायचे ठरवलं, तर त्यांच्यासोबत १,५९८ निरपराध अडकतात आणि दोन हेर तरीही सुटतात. म्हणजे नापास ठरलेल्या १,६०६ जणांत खरे हेर फक्त आठ. ‘नकार देणारा गुन्हेगारच’ म्हणणाऱ्याने स्वतःला त्या १,५९८ जणांत ठेवून पाहावं.

आता ‘शोध’. ट्रँटच्या कथा लिहिणाऱ्या एडविन बामर आणि विल्यम मॅकहार्ग यांनी कधीच असा दावा केला नव्हता. १९१०च्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी उलटच लिहिलंय: पात्रं आणि कथानक सोडलं तर यात काल्पनिक काही नाही, चाचण्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत चालणाऱ्याच आहेत. प्लेथिस्मोग्राफवर इटलीत मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने १९व्या शतकातच काम केलं होतं, आणि संशयितांच्या नाडीची नोंद घेण्याचे प्रयोग लोंब्रोसो या गुन्हेशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये छापले होते. हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ म्युन्स्टरबर्ग याचं या उपकरणांची चर्चा करणारं पुस्तक १९०८ चं, म्हणजे ट्रँटच्या पहिल्या कथेच्या आधीचं. उचलेगिरीचा आरोप करायचाच तर तो उलट दिशेने होईल, आणि लेखकांनी उगम आधीच सांगितल्यामुळे तोही टिकत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या पोलिसांत जॉन लार्सनने रक्तदाब आणि श्वास सलग नोंदवणारं यंत्र १९२१ मध्ये आणलं. त्याच्या बारा वर्षं आधीच कथांमधला ट्रँट संशयितांना उपकरणं लावत होता, आणि प्रयोगशाळेतली ही कल्पना सामान्य वाचकापर्यंत नेण्यात त्याचा वाटा मोठा होता. पण लार्सनने आधार घेतला तो विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या रक्तदाबावरच्या कामाचा. कथेचा नव्हे.

१९२३च्या ‘मान्यते’बद्दल: फ्राय नावाच्या आरोपीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने मार्स्टनच्या चाचणीचा पुरावा नाकारला. त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांत तिला पुरेशी मान्यता मिळालेली नाही, हे कारण दिलं. संदेशात निकालच उलटा केलाय.

संदेशात ट्रँटला ‘केमिस्ट्रीचा प्रोफेसर’ही म्हटलंय. तो क्रेग केनेडी, आर्थर रीव्हचा नायक, १९१० च्या डिसेंबरात अवतरलेला. ट्रँट मानसशास्त्राचा माणूस.

आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवतो, कारण भाचीच्या ग्रुपवर त्यावरूनही वाद झाला. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी स्पष्ट केलं की पॉलिग्राफ, नार्को (औषध देऊन केलेली चौकशी) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची नोंद) कुणावरही सक्तीने करता येणार नाही. संमती दिली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. संमतीने झालेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली, तर तिचा विचार होऊ शकतो. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची असते आणि त्याआधी वकिलाचा सल्ला मिळायला हवा. तेव्हा नकार हा त्या माणसाचा हक्क आहे आणि त्यावरून त्याला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.